लिनक्सवर पूर्ण व्हायरस-तपासणी : कशी आणि कशासाठी



जुना संगणक आणखी चार वर्षे चालावा म्हणून आपल्यापैकी अनेक सभासदांनी उबुंटू किंवा मिंट बसवून घेतले आहे. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. घरगुती लिनक्सवर हल्ले कमी होतात, हे खरे. पण विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस आपल्याकडे निपचित पडून राहतो. स्मरणिकेचे लेख किंवा सभासदांची यादी आपण पेनड्राइव्हवरून पुढे देतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या घरी जागा होतो.

तपासणीसाठी क्लॅमएव्ही हा मोफत प्रोग्राम आहे. तो सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवता येतो. आज्ञा टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या.

1. आधी व्हायरसची यादी ताजी हवी. हे काम ‘फ्रेशक्लॅम’ करतो. उबुंटूत तो बहुधा आपोआप चालू असतो. त्यामुळे हाताने आज्ञा दिल्यावर ‘लॉक’चा संदेश आला तर घाबरू नये.

2. तपासणीची आज्ञा ‘क्लॅमस्कॅन’. तिच्यापुढे वजा चिन्हाला जोडून ‘आर’ लिहावे. नाहीतर आतले फोल्डर तपासले जात नाहीत. तसेच ‘आय’ लिहिल्यास फक्त संशयित फाइलींची नावे दिसतात. शेवटी कोणता फोल्डर तपासायचा ते लिहावे. पहिल्यांदा ‘होम’ पुरे.

3. संपूर्ण डिस्कसाठी आरंभी ‘सुडो’ आणि शेवटी नुसती तिरकी रेघ. मात्र ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘डेव्ह’ हे फोल्डर ‘एक्सक्लूड-डिर’ या पर्यायाने वगळावेत. त्यांत साठवलेली कागदपत्रे नसतात. चालू यंत्रणेची माहिती तिथे फाइलींच्या रूपात दिसते, एवढेच.

तपासणीला काही तास लागू शकतात. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर ती रात्री लावलेली बरी.

शेवटी सारांश येतो. ‘इन्फेक्टेड फाइल्स’पुढे शून्य असेल तर समाधान मानावे, पण ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या फाइली हा प्रोग्राम सोडून देतो, हे लक्षात असू द्यावे.

काही सापडले तर? क्लॅमस्कॅन आपणहून काही पुसत नाही आणि ‘रिमूव्ह’ हा पर्याय आपणही वापरू नये. कधी निर्दोष फाइलीवरही आळ येतो. शिवाय थंडरबर्डमध्ये एका फोल्डरातली सगळी पत्रे सहसा एकाच फाइलीत असतात. एका वाईट जोडपत्रापायी ती फाइल पुसली, तर वर्षानुवर्षांची पत्रे एका क्षणात जातील. म्हणून आधी फाइलीचे नाव आणि जागा पाहावी, प्रत काढून ठेवावी, जाणकाराला विचारावे, मगच निर्णय घ्यावा.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही तपासणी म्हणजे ऑडिट. ऑडिट झाले म्हणून रोजची रोकड मोजायचे कोणी थांबत नाही. लिनक्सचे अपडेट वेळेवर घेणे आणि अनोळखी ठिकाणचे प्रोग्राम न बसवणे, ही आपली रोजची मोजणी. आणि दुसऱ्याला पेनड्राइव्ह देण्यापूर्वी तेवढाच तपासून घेतला, तर शेजारधर्मही पाळला जातो.