बेकारीचा आंकडा कसा वाचावा

बेकारीचा आंकडा उतरल्याचें वर्तमानपत्रांत वाचून देशाची सांपत्तिक स्थिति सुधारली असें पुष्कळ जण समजतात. आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत पैसेवारीचे तक्ते पुष्कळ लिहिले. पन्नास पैशांच्या वर गेलेल्या गांवांतही कित्येक घरीं लागवडीचा खर्च निघालेला नसे. सबब आंकडा कोणत्या मापानें काढला, हें आम्ही आधीं पाहतों.

केंद्र सरकारच्या पाहणींत मुख्य मापें दोन. साप्ताहिक मापांत मागील सात दिवसांत एक तास जरी काम केलें, तरी तो मनुष्य कामकरी ठरतो. वार्षिक मापांत तीस दिवसांचें दुय्यम कामही पुरतें. त्यामुळें २०२३-२४ सालीं पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारी वार्षिक मापानें शेंकडा ३.२, तर साप्ताहिक मापानें ४.९ निघाली. देश तोच, सालही तेंच!

आतां सेमाडोहकडे पाहावें. मेळघाटांतील पुष्कळ कोरकू कुटुंबें दिवाळीनंतर सुगीच्या कामास वऱ्हाडच्या सपाटीवर उतरतात व होळीला घरीं परततात. पुढील महिने कसेही जावोत, वार्षिक मापानें तीं कामकरीच. ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्यास बेकार राहणें परवडत नाहीं. मिळेल त्या मजुरीवर तो जातो. घरीं बसून नोकरीची वाट पाहणें शिकलेल्या मुलासच शक्य होतें, व म्हणूनच सुशिक्षितांत बेकारी अधिक दिसते.

आपल्या घरचेंही तेंच. पांच एकरांत दोघांचें काम असतां चौघे भाऊ राबतात, आणि बिनमजुरीचे घरचे हातही कामकरी म्हणून मोजले जातात. २०१७-१८ पासून २०२३-२४ पर्यंत बेकारी ६.० वरून ३.२ वर आली. त्याच काळांत कामकऱ्यांतील शेतीवरच्यांचा वांटा ४४.१ वरून ४६.१ वर गेला. शेतीवर हातांची ही वाढ आम्ही भरभराट म्हणणार नाहीं.

आंकडा खोटा नव्हे. एकाच मापानें वर्षानुवर्षें पाहिल्यास कल कळतो. परंतु एका आंकड्यानें या देशाची बेकारी मोजतां येत नाहीं, असें दांतवाला समितीनें १९७० सालींच सांगितलें, व १९७२-७३ च्या पाहणीपासून निरनिराळीं मापें आलीं. आंकड्याशेजारीं मजुरीचा दर व कामाचे दिवस मांडून पाहावेत.

पाहणीचा कारकून दारीं आल्यास "मुलगा शेती करतो" एवढ्यावर त्यास वाटेस लावूं नये. किती दिवस काम होतें, मजुरी काय मिळाली, आणखी काम मिळाल्यास तो जाईल काय, हें नीट लिहवून घ्यावें.