इकालुइट ते ओटावा: हवाई अंतर काढायचं कसं?

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइट बॅफिन बेटावर आहे. वस्ती सुमारे साडेसात हजारांची. बाहेरून गावात एकही रस्ता येत नाही. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की मालाची जहाजं लागतात, एरवी सगळी भिस्त विमानावर. मोठ्या इस्पितळासाठी इथल्या रुग्णाला बहुधा ओटावाच गाठावं लागतं. ते किती दूर?

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवाल तर फसाल. नेहमीचा मर्केटर नकाशा विषुववृत्तापासून दूर जावं तसतसा ताणलेला असतो, ओटावाजवळ १.४ पट, तर इकालुइटजवळ जवळपास सव्वादोन पट. त्यापेक्षा अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि कॅल्क्युलेटर काढावा.

ओटावाचा विमानतळ ४५.३२ अंश उत्तरेला, इकालुइटचा ६३.७६ अंशांवर. फरक १८.४४. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडचं अंतर झालं २,०५० किलोमीटर.

रेखांशाचं गणित जरा चिकट. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर एक अंश १०५ किलोमीटरचा भरतो, इकालुइटला जेमतेम ४९. म्हणून दोन्ही विमानतळांच्या मधला अक्षांश, ५४.५, घ्यायचा; त्याचा कोसाइन ०.५८. रेखांशांतला फरक ७.११ अंश. ७.११ × १११.२ × ०.५८ म्हणजे पूर्वेकडे साधारण ४६० किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लावा: उत्तर येतं २,१०० किलोमीटर. पूर्वेकडच्या त्या ४६० मुळे एकूण अंतर अवघं पन्नासेक किलोमीटरनं वाढलं, हे मला तरी गमतीचं वाटतं.

ही झटपट रीत सगळीकडे चालत नाही. इकालुइटहून आणखी उत्तरेच्या रेझोल्यूटला जायचं तर रेखांशांत २६ अंशांचा फरक पडतो. तिथे पायथागोरस १,६०० किलोमीटरच्या आसपास सांगतो, खरं अंतर भरतं १,५७५. पृथ्वीच्या वक्रतेवरून जाणारी सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्‌वृत्त, आणि ते मोजायला गोलीय त्रिकोणमितीच हवी. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा घट्ट ताणला की ही वाट डोळ्यांना दिसते.

वैमानिकाचं मात्र २,१०० वर भागत नाही. उड्डाणानंतरचं वळण आणि उतरण्याआधीची रांगेतली फेरी यांनी थोडी भर पडते, समोरून वारा असला तर वेळही वाढतो. त्याहून मोठा प्रश्न वादळाचा. इकालुइटला उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं इंधन विमानात हवंच. कुजुआकचा विमानतळ पर्यायी ठरवला, तर तो दक्षिणेला सुमारे ६३० किलोमीटरवर. म्हणजे टाकीत २,७०० किलोमीटरहून अधिक अंतराचं इंधन भरायचं, शिवाय जेट विमान असेल तर अर्ध्या तासाचं राखीव. इंधनाचं वजन वाढलं की तेवढा माल किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात, आणि ते तिकिटाच्या दरात दिसतं.