जुनं एचएमटी पुन्हा उभं करायचंय? सुटे भाग कुठं भेटतात, आणि फसगत कुठं होते

हिंगोली (प्रतिनिधी) : मोबाइलवर सध्या जुन्या एचएमटी घड्याळांच्या जाहिराती धडाधड येत आहेत. हजार-दोन हजारात 'ओरिजनल विंटेज एचएमटी जनता', तेही घरपोच. फोटोत डायल चकाचक, काच नवी, पट्टा नवा. वडिलांच्या, आजोबांच्या हातातलं घड्याळ आठवतं आणि माणूस ऑर्डर टाकून मोकळा होतो. दुसऱ्या बाजूला त्याच वडिलांचं खरंखुरं जनता घरातल्या पेटीत बंद पडलेलं असतं, आणि ते एखाद्या दिवशी भंगारवाल्याला किंवा भांडेवालीला दिलं जातं. म्हणजे खरं घड्याळ घरातून जातं आणि रंगवलेलं घड्याळ पैसे मोजून घरात येतं. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला पाहिजे.

आधी थोडी माहिती. एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५३ साली बेंगळुरूला सुरू झालेला सरकारी कारखाना. यंत्रं बनवणाऱ्या या कंपनीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं घड्याळाचं काम हाती घेतलं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन, जवान ही नावं आपल्याकडं घरोघर माहीत झाली. लग्नात जावयाला एचएमटी देण्याची पद्धत होती, ती पन्नाशीच्या पुढच्यांना चांगली आठवत असेल. पुढं सेलची घड्याळं आली, १९८० नंतर टायटन आलं, आणि चावीचं घड्याळ मागं पडत गेलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

इथंच सुट्या भागांची गोष्ट सुरू होते. कारखाना बंद म्हणजे मशीनचे नवे भाग बनणं बंद. आज बाजारात जे भेटतं ते तीनच ठिकाणाहून येतं. एक, मेलेल्या घड्याळातून काढलेला माल. दोन, जुन्या दुकानदारांकडं आणि कारागिरांकडं पडून राहिलेला कंपनीचा माल. तीन, आत्ता नव्यानं बनवलेली नक्कल. काच, चावी, पट्टा, डायल, काटे, बॉडी हे सगळं नवीन बनतं. पण आतली चक्रं, प्लेट, डुलणारं बॅलन्स चक्र हे जुन्यातूनच काढावं लागतं. एवढं एक लक्षात ठेवलं तर अर्धी फसगत टळते.

त्यामुळं पहिला पैसा मशीनवर घालावा. बरेच जण उलटं करतात. आधी सुंदर डायल मागवतात, मग तिला बसणारं मशीन शोधत फिरतात. हे म्हणजे बैल घ्यायच्या आधी झूल शिवून ठेवल्यासारखं. जनताचं जुनं मशीन ०२३१ या नंबरचं, १७ ज्वेलचं, हातानं चावी द्यायचं. ज्वेल म्हणजे हिरे-माणकं नव्हेत. चक्रांचे आस ज्यात फिरतात ते कृत्रिम माणकाचे बारीक खडे. बेअरिंगच म्हणा. ते झिजत नाहीत, म्हणून पन्नास वर्षांचं मशीनसुद्धा साफसफाई आणि तेल दिल्यावर चालायला लागतं.

मशीन घेताना मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाच-सहा वेळा हळू चावी द्या. बॅलन्स चक्र लगेच आणि मोकळं डुललं पाहिजे. रखडत डुलत असेल तर आत तेल सुकलंय, ते साफ करून सुधारतं. पण अजिबातच डुलत नसेल आणि हलवल्यावर एकाच बाजूला जात असेल, तर आस मोडलेला असण्याची शक्यता असते, आणि तो खर्च परवडत नाही. त्या चक्रावर केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तिचे वेढे एकसारख्या अंतरावर, जिलबीच्या वेढ्यासारखे सपाट दिसले पाहिजेत. दोन वेढे चिकटलेले दिसले तर घड्याळ खूप पुढं पळतं. कधी कधी हे नुसतं चुंबकामुळं होतं. स्पीकर, मोटार, मोबाइलच्या कव्हरातलं चुंबक, काहीही कारण पुरतं. चुंबक काढायचं छोटं यंत्र बहुतेक कारागिरांकडं असतं, मिनिटभराचं काम आहे. गंज मात्र सोडून द्यावा. पाणी शिरून गंजलेलं मशीन दोन-चार चक्रांपुरतं, म्हणजे सुट्या भागांसाठीच घ्यावं, आणि तेवढाच पैसा द्यावा.

आता डायल. खरा घोळ इथं आहे. जुन्या डायलवरचा रंग उडतो, डाग पडतात. मग ती खरवडून, पुन्हा रंगवून, वरून नाव छापून घड्याळ विकलं जातं. घड्याळं जमवणाऱ्या लोकांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भडक केशरी, पोपटी, गुलाबी डायलवर 'पायलट' किंवा 'जनता' लिहिलेलं दिसलं की समजून जावं. एचएमटीनं रंगीत डायल काढल्याच नाहीत असं नाही, पण हे भडक रंग बहुतेक वेळा नंतरचे असतात. देवनागरी आकड्यांची जनताची डायल कंपनीनं खरोखर काढली होती. ती लोकांना आवडते, म्हणूनच तिच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत.

ओळखायचं कसं? मोबाइलचा कॅमेरा झूम करा. खऱ्या डायलवरची अक्षरं धारदार असतात, मिनिटांच्या रेघा काट्यानं मोजल्यासारख्या सरळ. नकलेत अक्षरांच्या कडा पसरलेल्या, रेघा तिरप्या, मधलं भोक खडबडीत. मग एकूण घड्याळ बघा. डायल आणि काच कोरी करकरीत, पण मागचं झाकण घासून गुळगुळीत झालेलं असेल तर ते जोडलेलं घड्याळ आहे. डायलवर १७ ज्वेल लिहिलंय आणि सेकंदकाटा टक-टक करत सेकंदाला एकच उडी मारतोय? मग आत सेलचं मशीन आहे. चावीच्या जनताचा काटा सेकंदाला पाच बारीक पावलं टाकतो, डोळ्याला तो जवळजवळ सरकत गेल्यासारखा दिसतो. विकणाऱ्याकडून फोटो नको, व्हिडिओ मागा, आणि झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. टाळाटाळ करणाऱ्याचा माल घेऊ नये, साधी गोष्ट आहे.

दुसऱ्या घड्याळाची डायल बसते का, हा प्रश्न नेहमी येतो. डायलच्या मागं दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकात बसतात. पायांची जागा जुळली नाही तर डायल बसत नाही. मग काही जण पाय कापून डायल चिकटवतात. असं घड्याळ दिसायला ठीक, पण पुढच्या दुरुस्तीला डायल हातात येते. काट्यांचंही तसंच. तास, मिनिट, सेकंद, तिन्ही काट्यांची भोकं वेगळ्या मापाची. म्हणून डायल आणि काटे घेताना मशीन सोबत नेलेलं बरं, नाहीतर निदान मशीनचा नंबर कागदावर लिहून न्यावा.

चावी, काच, पट्टा यात फार अडत नाही. चावीची दांडी मशीनप्रमाणे घ्यावी लागते, ती थोडी लांब येते आणि कारागीर मापानं कापून देतो. जुन्या जनताची काच खरं तर प्लॅस्टिकची असते, बारीक ओरखडे टूथपेस्टनं घासूनसुद्धा जातात. तेवढ्यासाठी नवीन काच टाकायची गरज नाही.

भाग शोधायला कुठं जायचं? माझं मत विचाराल तर आधी आपल्या तालुक्यातच. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठल्याही बाजारपेठेत एखादा तरी जुना घड्याळवाला टपरीत बसलेला असतो. त्याच्या पत्र्याच्या डब्यात तीस-चाळीस वर्षांचे सुटे भाग असतात, आणि पोरं आता या धंद्यात नाहीत. टपरी बंद झाली की तो डबा किलोवर जातो. तिथं नाही जमलं तर पुण्याचा जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट जुन्या मालासाठी प्रसिद्ध आहे. पण तिथं भाव करता आला पाहिजे आणि मशीन ओळखता आलं पाहिजे. नुसत्या घड्याळासाठी पूर्णेहून गाडी धरून मुंबई गाठावी असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कामानं जाणं झालं तर एक चक्कर मारावी.

सर्वात स्वस्त भाग मात्र आपल्याच भावकीत असतात. एकाचं जनता डायल चांगली पण मशीन गेलेलं, चुलत्याचं मशीन चालू पण काच-डायल फुटलेली. दोन्ही एकाच मॉडेलची असली तर दोन मेलेल्यातून एक जिवंत घड्याळ होतं, आणि सगळे भाग कंपनीचेच राहतात.

घरात एचएमटीच्याही आधीचं घड्याळ निघालं तर थोडं सांभाळून. वेस्ट एंड कंपनी १८८६ पासून मुंबईत होती, आणि आपले म्हातारे ज्याला 'फेवरलुबा' म्हणायचे ती फाव्र-ल्युबा कंपनी १८६५ पासून भारतात होती. त्या जमान्यात अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना आणि आकड्यांना खरोखरचं रेडियम लावलेलं असायचं. ट्रॉलीला आपण जे रेडियम चिकटवतो ते नुसतं प्रकाश परतवणारं स्टिकर, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. खरं रेडियम किरणोत्सर्गी असतं. चमक गेली तरी ते संपत नाही, निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. बंद घड्याळ पेटीत ठेवायला हरकत नाही. पण अशी डायल घरी उघडून खरवडू नये, फुंकर मारू नये, लेकरांच्या हातात देऊ नये. ती पावडर नाकातोंडात जाणं वाईट.

कायद्याचंही सांगतो. स्वतःसाठी नवे-जुने भाग जोडून जनतासारखं घड्याळ बनवलं तर त्यात गुन्हा नाही. पण दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेली नकली डायल टाकून ते 'ओरिजनल' म्हणून विकलं, तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. गावातली काही पोरं हा जोडधंदा करायच्या विचारात आहेत, त्यांनी डायल नवी आहे हे बिलावर लिहून द्यावं. खरेदीत फसवणूक झाली तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणाला फी लागत नाही.

घड्याळ उभं राहिल्यावर रोज एकाच वेळेला, सकाळी, चावी द्यावी. चावी अडली की थांबावं, जोर लावू नये. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागंपुढं होणं या वयाच्या मशीनला माफ आहे. जुन्या जनतात पाणी शिरतं, म्हणून फवारणीला, हळद शिजवताना आणि पावसात ते घरीच ठेवावं.