शब्दांवाचून रामायण
अंधेरीच्या एका बॅले-पथकाची हकिगत

श्रोतेहो, 'बॅले' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पायाच्या बोटांच्या टोकावर तोल सावरून गिरक्या घेणारी एखादी गोरी नर्तकी, तिचा पांढराशुभ्र घेरदार झगा आणि बाजूला वाजणारा पियानो. ही साहेबाच्या देशची चीज, शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात भारी तिकीट काढून बघायची. आम्हां खेड्यातल्या माणसांचा तिच्याशी संबंध काय, असे कोणी विचारले तर त्यात त्याची चूक नाही. पण आज ज्या बॅलेची हकिगत मी आपल्याला सांगणार आहे, तो मुंबईच्या अंधेरीत बसवला गेला. त्यात बोटांच्या टोकावर उभे राहणे नव्हते, आणि कथा होती आपल्या घरोघरची, रामाची.

आधी बॅले म्हणजे काय ते पाहू. नाटकात नट बोलतो. तमाशात सोंगाड्या बोलतो, शाहीर गातो. बॅलेमध्ये रंगमंचावरचे पात्र सहसा तोंड उघडत नाही. अनेक जणांनी मिळून, संगीताच्या चालीवर, अंगाच्या हालचालींनी जे सांगायचे ते सांगायचे, याचे नाव बॅले. आपण मराठीत त्याला नृत्यनाट्य म्हणतो.

आता गंमत अशी की, काही बॅलेंत गोष्टसुद्धा नसते. १९०९ साली पॅरिसमध्ये 'ले सिल्फीद' नावाचा एक बॅले झाला. तो बसवला फोकीन या रशियन नृत्यकाराने. त्याचे संगीत होते शोपँ या पोलंडच्या संगीतकाराचे. त्याने पियानोसाठी लिहिलेल्या चिजा वाद्यवृंदासाठी बांधून घेतल्या होत्या. चांदण्या रात्री एक कवी आणि पांढऱ्या वेषातल्या वनपऱ्या, एवढेच काय ते. पुढे काय झाले, असे तिथे कोणी विचारत नाही. सूर जसे वर चढतात, खाली येतात, तशी अंगे हलतात, तेवढेच बघायचे.

पियानो पुष्कळांनी पाहिला नसेल. त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपल्या बाजाच्या पेटीसारख्याच असतात. पण पेटीत भात्याची हवा पत्तीवरून जाते, म्हणून सूर हवा तेवढा लांबतो. पियानोत पट्टी दाबली की आतली नमद्याने मढवलेली लहानशी हातोडी तारेवर पडते. सुराला आधी ठोका असतो, मग तो हळूहळू विरतो. नाचणाऱ्याच्या पायाला असा ठोका फार उपयोगी. म्हणून तिकडे बॅलेची रोजची तालीम पियानोवर चालते, जशी आपल्याकडे नाचाची तालीम तबल्यावर किंवा मृदंगावर चालते. वाद्य निराळे, पण काम एकच : अंगाला वेळ सांगायची.

मग ही कला आपल्याकडे कशी रुजली? त्याच 'ले सिल्फीद'मध्ये पॅरिसला नाचलेली अ‍ॅना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तकी आपले पथक घेऊन जगभर फिरत असे. १९२२-२३ च्या दौऱ्यात ती मुंबईलाही येऊन गेली. हिंदुस्थानच्या विषयांवर काही करावे असे तिच्या मनाने घेतले, आणि लंडनमध्ये चित्रकला शिकणारा एक बंगाली तरुण तिला भेटला. तो म्हणजे उदय शंकर. १९२३ साली लंडनच्या रंगमंचावर तो पाव्हलोव्हाबरोबर राधाकृष्णाच्या नृत्यात कृष्ण होऊन नाचला. पुढे तो मायदेशी परतला, आणि १९३९ च्या सुमारास त्याने हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला एक कलाकेंद्र काढले. तिथे कथकळी, भरतनाट्य, मणिपुरी अशा निरनिराळ्या परंपरांचे गुरू एकत्र शिकवीत. अल्लाउद्दीन खाँसाहेबही काही काळ तिथे होते. हे केंद्र चार-पाच वर्षांतच पैशाअभावी बंद पडले. पण झाड पडले तरी बी उडालेच. त्यातले काही तरुण १९४४ च्या सुमारास मुंबईला आले आणि अंधेरीला राहिले.

आज अंधेरी म्हटले की माणसांची रेटारेटी आणि वर्सोव्याहून घाटकोपरकडे डोक्यावरून धावणारी मेट्रो डोळ्यांपुढे येते. त्या वेळी अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दीतसुद्धा नव्हती. ती हद्दीत आली १९५० साली. १९४३ मध्ये मुंबईत 'इप्टा', म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला होता. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. ही गोष्ट देशभर सांगावी, दुष्काळग्रस्तांसाठी मदत गोळा करावी, म्हणून संघाने एक मध्यवर्ती पथक उभारले आणि त्याचा तळ अंधेरीला पडला. मुले-मुली एकत्र राहत, एकत्र जेवत आणि दिवसभर तालमी करीत. त्यांनी 'भारत की आत्मा' आणि 'अमर भारत' असे बॅले बसवले. 'अमर भारत'चे संगीत केले उदय शंकरांचे धाकटे बंधू रवि शंकर यांनी. 'सारे जहाँ से अच्छा' या गीताची आज शाळाशाळांतून म्हटली जाते ती चालही रवि शंकरांनी याच संघाच्या दिवसांत बांधली.

या पथकाला नृत्य शिकवणारा होता शांति बर्धन. जन्म १९१६ चा, पूर्व बंगालातल्या कोमिल्ला भागातला. तो प्रदेश आज बांगला देशात आहे. मणिपुरी नृत्य त्याच्या अंगात मुरलेले. अल्मोड्याच्या केंद्रात त्याने काम केलेले. अंधेरीचे पथक पुढे मोडले. मग नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथावर त्याने मोठा बॅले बसवला. नाव झाले, कामाला रंग चढला, आणि नेमका तेव्हाच क्षयाने त्याला गाठले.

श्रोतेहो, त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. आज नेमाने औषधे घेतली तर क्षय बहुधा पुरता बरा होतो. तेव्हा नवी औषधे नुकतीच निघत होती आणि आरोग्यधामात महिनोन् महिने पडून राहणे हाच मुख्य उपाय होता. शांति बर्धनवर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण उरले एकच फुप्फुस. गवयाचा गळा जावा, लोहाराचा हात जावा, तसा नर्तकाचा श्वास गेला.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. शांति बर्धनने १९५२ साली अंधेरीत नवे पथक काढले. नाव ठेवले 'लिटल बॅले ट्रूप', म्हणजे छोटे बॅले-पथक. पत्नी गुल बर्धन बरोबर होती. ती मुंबईची, इप्टाच्या पथकात त्याच्याच हाताखाली तयार झालेली. अल्मोडा आणि इप्टा या दोन्ही ठिकाणचे काही जुने सोबतीही आले. पैसा बेताचाच. आणि पहिला विषय घेतला रामायण!

रामायण तर सगळ्यांनाच पाठ. त्यात नवे काय करणार? इथेच बर्धनची खरी कल्पकता दिसते. त्याने ठरवले की, राम, सीता, रावण हे सगळे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचतील. गावात जत्रा भरली आहे, बाहुल्यांचा खेळ लागला आहे, आणि त्या खेळात रामायण चालले आहे, असा तो सगळा देखावा. माणसांनी बाहुल्यांची सोंगे घ्यायची. तोंडावर मुखवटे, अंगावर बाहुल्यांसारखे पोषाख. संगीत दिले बहादुर खाँ यांनी. ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्याच घराण्यातले सरोदिये.

हे ऐकायला सोपे वाटते, पण करून पाहा, बरं का! बाहुलीला श्वास नसतो, तिची छाती हलत नाही. तिची मान वळते ती एकदम, माणसासारखी हळूच नाही. तिचा हात खांद्यातून उचलला जात नाही. मनगटाला दोरी बांधलेली असते, म्हणून आधी मनगट वर जाते, मग कोपर, आणि खांदा मागाहून येतो. दोरी सैल झाली की सगळा हात एकदम पडतो. मुखवट्यामुळे चेहरा तर गेलाच. मग सीतेचे दुःख दाखवायचे कशाने? मानेच्या एका झुकावाने, गुडघ्याच्या एका मोडणीने. प्रत्येक झटका तालाच्या नेमक्या मात्रेवर पडला पाहिजे. तो अर्धी मात्रा चुकला की बाहुली मेली आणि माणूस दिसू लागला! म्हणून या संगीतात ठोका महत्त्वाचा, आणि दोन ठोक्यांमधली शांतताही तितकीच महत्त्वाची. मघाशी पियानोबद्दल जे सांगितले ते इथे पुन्हा आठवावे. शोपँच्या चिजांवर नाचणारी वनपरी सुराबरोबर वाहत जाते. अंधेरीचा राम ठोक्यावर थांबतो. चाली दोन, पण दोन्हींत संगीत हेच अंगाचे सूत्र.

आणि कळसूत्री बाहुली आपल्याला काय परकी आहे? ज्ञानेश्वरीत साइखड्याचा, म्हणजे या बाहुलीचाच, दृष्टांत येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवीत आले आहेत आणि चित्रकथीची चित्रे दाखवून रामायण-महाभारतातली आख्याने सांगत आले आहेत. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा शांति बर्धनने जे केले ते विलायतेहून उचललेले नव्हते. बाहेरून घेतली ती गट बांधण्याची शिस्त. जीव घातला तो आपल्या जत्रेतल्या खेळाने.

१९५३ साली हे रामायण रंगमंचावर आले आणि लोकांनी ते उचलून धरले. बर्धनने लगेच दुसरा विषय मनात घोळवायला घेतला : पंचतंत्र. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण या चौघांची मैत्री, आणि पारध्याच्या तावडीतून एकमेकांची केलेली सुटका. जीव लहान, बळ थोडे, पण एकी केली तर सुटका होते. ही कथा त्याने का निवडली असेल, हे वेगळे सांगायला नको. पण तो बॅले पुरा झालेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९५४ च्या सप्टेंबरात तो गेला. वय अवघे अडतीस.

पुष्कळ पथके अशा वेळी मोडतात. हे मोडले नाही. गुल बर्धनने पदर खोचला. प्रभात गांगुली या जुन्या सहकाऱ्याने नृत्य बसवण्याचे काम पुढे चालवले. पंचतंत्र पुरे झाले. रामायणाचे प्रयोग देशात गावोगाव झाले आणि परदेशांतही झाले. भाषा न समजणाऱ्या लोकांनीही ते पाहिले. कारण त्यात समजायला भाषा लागतच नव्हती. १९६४ साली पथक अंधेरी सोडून ग्वाल्हेरला गेले आणि पुढे भोपाळला स्थिरावले. गुल बर्धन यांना २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. नवऱ्यामागे छप्पन्न वर्षे त्यांनी हा संसार चालवला.

अंधेरीत आज त्या तालमींची खूण शोधू गेलात तर सापडणे कठीण. पण मुंबईला त्या दिवसांचा लाभ झाला. अल्मोड्याला आणि अंधेरीला तयार झालेल्या सचिन शंकर यांनी १९५३ साली मुंबईत स्वतःचे बॅले-पथक काढले. आपले मराठी नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी १९५८ च्या सुमारास 'देख तेरी बंबई' हा बॅले बसवला. त्यात मुंबईचे रोजचे जीवनच रंगमंचावर आले.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. स्नेहसंमेलन जवळ आले की संवाद पाठ होत नाहीत, ही आपली नेहमीची अडचण. एकदा संवादच काढून टाका! पंचतंत्रातली एक छोटी गोष्ट घ्या. मुलांना आधी बाहेर न्या आणि कावळा कसा उडी मारून चालतो, म्हैस मान कशी वळवते, हे नीट बघायला सांगा. मग प्रत्येक प्राण्याला एक चाल द्या आणि एक ताल द्या. कासवाला संथ, उंदराला जलद, पारध्याला हलगीचा ठोका. पुठ्ठ्याचे मुखवटे मुलेच करतील. पेटी नसली तरी चालेल. ढोलकी, टाळ आणि लेझीम यांवर भागते. पाच मिनिटांची गोष्ट बसवायला पंधरवडा लागला तर लागू द्या. एक गोष्ट मात्र सांभाळा : एकच हुशार मूल पुढे आणि बाकीची मागे, असे करू नका. या कलेत मागच्या रांगेतला चुकला तरी चित्र बिघडते, म्हणून प्रत्येकाची किंमत सारखी. जे मूल बोलताना अडखळते, जे चारचौघांत लाजते, ते मुखवट्याआड मोकळे होते. एखाद्याचा पाय अधू असेल, तर त्याच्या चालीचाच प्राणी शोधा. त्याला बाजूला बसवू नका.

अंधेरीची हकिगत मला मोलाची वाटते ती याचसाठी. ज्याला स्वतः चार पावले नाचताना धाप लागत होती, त्या माणसाने एका जागी बसून दुसऱ्यांची अंगे नाचवली. बाहुलीचे सूत्र हाती धरणारा पडद्याआडच असतो. खेळ संपल्यावर लोक बाहुलीची आठवण काढतात, आणि सूत्रधाराला त्यातच समाधान असते. पुढच्या जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागला, तर क्षणभर थांबा आणि त्या दोरीकडेही बघा.