नवशिक्याची स्कूटर

स्कूटर घ्यायचे मनात आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" दुकानदार तर न विचारताच सांगतो. शेजारी स्वतःच्या गाडीचा आकडा सांगतो, आणि तो बहुधा दुकानदाराच्या आकड्यापेक्षाही जास्त असतो! माझा विषय अर्थशास्त्र, तेव्हा या प्रश्नाला मी तरी हलका लेखू नये. पण तुम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसाच. समजा, तुम्ही पुण्यात कोथरूडला राहता आणि रोज शिवाजीनगरला कचेरीत जाता. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर धरू. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे साडेतीनशे किलोमीटर झाले. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला पावणेआठ लिटर पेट्रोल लागेल, ५० देणारीला सात लिटर. फरक पाऊण लिटरचा. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले आहे हे धरूनही महिन्याकाठी ऐंशी रुपयांचा प्रश्न आहे. तो रिकामा नाही, पण पहिला नक्कीच नाही.

मग पहिला प्रश्न कोणता? ज्याने आजवर सायकलपलीकडे काही चालवलेले नाही, त्याने गाडी धावताना कशी वागते हे आधी पाहू नये. ती उभी असताना आपल्याला झेपते का, हे पाहावे. ऐकायला हे जरा उफराटे वाटेल. पण नवशिकी माणसे पडतात कुठे ते आठवून पाहा. सोसायटीच्या फाटकाशी, सिग्नलला थांबताना, बोळात गाडी वळवून घेताना, एक पाय नेमका खड्ड्यात टेकल्यामुळे. स्कूटरने पंधरा-वीसचा वेग घेतला की ती बरीचशी आपली आपण तोल धरते. माणसाच्या चालीपेक्षा वेग कमी झाला, की मात्र सगळा भार तुमच्या पायांवर आणि मनगटांवर येतो.

हा भार थोडाथोडका नसतो. आजच्या बहुतेक पेट्रोलच्या स्कूटर शंभर ते एकशे दहा किलोच्या घरात असतात. बॅटरीवरच्या काही याहून भारी, एकशे तीसच्या आसपास जातात. गाडी सरळ उभी असेल तर हे वजन चाके पेलतात, तुम्हाला ते कळतही नाही. थोडी कलली तर एका हाताने सावरता येते. पण कल वाढत गेला की भार भराभर वाढतो, आणि एका मर्यादेपुढे पैलवानालाही ती आवरत नाही. आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हे फळ्यावर समीकरण मांडून दाखवतील. तुम्ही दुकानात जाऊन हातानेच पाहा.

पाहायचे कसे, ते सांगतो. रोज कामावर जाताना जी चप्पल किंवा बूट घालता तेच घालून जा. साडी नेसत असाल तर साडीतच जा. गाडीवर बसा आणि ती स्टँडवरून काढायला सांगा. दोन्ही पावलांचा निदान पुढचा अर्धा भाग एकाच वेळी जमिनीला भक्कम टेकला पाहिजे. एका पायाच्या बोटांवर उभे राहावे लागत असेल तर ती गाडी तुमची नव्हे. आपल्याकडच्या पुष्कळशा स्कूटरची सीट जमिनीपासून ७६० ते ७८० मिलिमीटर उंच असते. दोन सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पाच फूट उंचीच्या माणसाला तोच पुरून उरतो. त्यातून नुसता उंचीचा आकडाही फसवा असतो. सीट रुंद असली, पाय ठेवायची फळी रुंद असली, की पाय फाकतात आणि तेवढेच आखूड पडतात. म्हणून आकडा वाचू नका, बसून पाहा.

बसल्या बसल्या गाडी पायांनी चार पावले मागे ढकला. मग उतरा, तिच्या डाव्या बाजूला उभे राहा आणि इंजिन बंद ठेवून हाताने एक पूर्ण वळण घ्या. शेवटी मधल्या मोठ्या स्टँडवर चढवा आणि उतरवा. एवढ्यात पाच मिनिटे जातील. विक्रेता म्हणेल, "सवय होईल, बाई." सवय होते हे खरे, उंची मात्र सवयीने वाढत नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईंची गाडी त्यांच्या भावाने निवडली. चांगली १२५ सीसीची, दणकट, रंगही सुरेख. तिसऱ्या दिवशी त्या घराच्या फाटकातच कलंडल्या. लागले फारसे नाही, गुडघा खरचटला इतकेच. पण मनात भीती बसली ती बसलीच. आज ती गाडी त्यांचा मुलगा फिरवतो आणि बाई पुन्हा बसच्या रांगेत उभ्या असतात. असे आपल्या शहरांतून फार घडते. घराघरांच्या खाली कापड पांघरून उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांमागे हीच कथा असते, आणि त्यात जाते ते नुसते पैशांचे नुकसान नसते. दिवसाचा दीड तास, आणि कोणाला न विचारता बाहेर पडण्याची मोकळीक, हे दोन्ही जाते.

खरे म्हणजे स्कूटर हे वाहन अशाच साध्या माणसासाठी जन्माला आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली इटलीतल्या पियाज्जो कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. ती रचणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानविद्येतले इंजिनियर. इंजिन मागच्या चाकाजवळ झाकून टाकले, पुढे पाय ठेवायला सपाट जागा केली, कपड्यांना तेल लागू नये अशी सोय केली. तीच घडण आपल्याकडे आली. बजाजची चेतक १९७२ सालापासून तीन दशकांहून अधिक काळ मध्यमवर्गीयांच्या दारात होती. तिचे इंजिन एका अंगाला असे, गिअर डाव्या मुठीत असत, आणि सकाळी ती अडून बसली की गृहस्थ तिला एका बाजूला कलती करून मग किक मारीत. कंपनीने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. २०२० साली चेतक हे नाव परत आले ते बॅटरीच्या गाडीवर. दरम्यान, १९८४ सालच्या करारातून आलेल्या कायनेटिक होंडाने बिनगिअरची, बटन दाबून सुरू होणारी स्कूटर आपल्या अंगवळणी पाडली होती.

आज तुम्ही घ्याल ती गाडी बिनगिअरचीच असणार. तिच्या पोटात एक पट्टा दोन कप्प्यांवरून फिरत असतो. वेग वाढला की एक कप्पी रुंदावते, दुसरी आवळते, आणि गिअर बदलल्याचे काम आपोआप होते. क्लचही आपोआप लागतो आणि सुटतो. नवशिक्याला ही मोठीच सोय, पण तिच्यात एक खोच आहे. इंजिन चालू असेल तर मूठ पिळली रे पिळली की गाडी पळणार, मग तुम्ही तिच्यावर बसलेले असा की शेजारी उभे असा. गाडी घसरतेसे वाटले की माणूस मूठ घट्ट धरतो, आणि घट्ट धरताना नेमकी पिळतो! म्हणून गाडी हाताने हलवायची असेल तेव्हा इंजिन बंदच ठेवावे. दुसरे असे, की हिला उतारावर गिअरमध्ये अडकवून ठेवता येत नाही. तेव्हा ब्रेक दाबून ठेवणारी कळ गाडीला आहे का, तेही पाहून घ्या. डोंगरउताराच्या वस्तीत राहणाऱ्याला ती हवीच.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. स्कूटरचे दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात असतात, त्यामुळे सायकल चालवलेल्याला ते परके वाटत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा त्याहून वरची व्यवस्था सक्तीची झाली. जोडब्रेक म्हणजे डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचे चाकही थोडे आवळते. नवशिका घाबरला की एकच ब्रेक दाबतो, तेव्हा ही मोठी मदत आहे. पुढे डिस्क ब्रेक मिळत असेल आणि खिशाला परवडत असेल तर जरूर घ्या. रंगीत पडद्यासाठी आणि फोनच्या जोडणीसाठी जे जादा पैसे मागतात त्यांपेक्षा हे पैसे सत्कारणी लागतील.

आता एक हिशेब. ताशी २० किलोमीटरच्या वेगात समोर कोणी आले, तर ते ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू. तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे तीन मीटर घेते. वेग ४० केला तर? विचारातच अकरा मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर आणखी बारा. वेग दुप्पट झाला तर ब्रेकखालचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. म्हणून कचेरीला जाणाऱ्याने "टॉप स्पीड किती?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

चाकांकडेही पाहा. मोटारसायकलचे चाक बहुधा सतरा-अठरा इंचांचे असते, स्कूटरचे दहा किंवा बारा. चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात खोल उतरते, आणि आपले रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते मी सांगायला नको. निदान पुढचे चाक बारा इंचांचे असावे. इंजिन एकट्यापुरते ११० सीसीचे पुष्कळ झाले. रोज मागे कोणी बसणार असेल आणि वाटेत चढ असेल तरच १२५ चा विचार करावा.

बॅटरीची घ्यावी का, हे हल्ली सगळेच विचारतात. माझे उत्तर असे, की आधी घरच्या पार्किंगमध्ये बटन-प्लगची जागा शोधा. तळमजल्यावर तुमच्या मीटरवरून जोडणी मिळत असेल तर खर्चाच्या दृष्टीने तिला तोड नाही. एका युनिटात साधारण तीस किलोमीटर गाडी जाते, म्हणजे आपल्या चौदा किलोमीटरांना अर्धे युनिट झाले. पण तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची असेल तर तो नाद सोडावा. शिवाय विजेची मोटर पहिल्या क्षणापासून जोराने ओढते आणि आवाज करीत नाही. गाडी चालू आहे हे विसरून मूठ पिळली जाण्याचा धोका येथे अधिक. पहिले काही महिने कमी जोराच्या 'इको' पद्धतीतच चालवावी. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटच्या आतल्या छोट्या गाड्यांना परवाना लागत नाही, असे सांगून त्या विकतात. कायद्याने ते खरे आहे. पण कर्वे रस्त्यावर मागून बस येत असताना ताशी पंचवीसने जाणे कसे वाटते, हे विकणाऱ्याला विचारून पाहा.

जुनी गाडी घ्यायला हरकत नाही. उलट नवशिक्याला मी तीच सुचवेन. पहिले ओरखडे नव्या रंगावर पडले की जीव हळहळतो, आणि हळहळणारा माणूस सराव कमी करतो. मात्र टायर नीट पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी असा टायर कडक झालेला असतो, त्याचे पैसे किमतीतून वजा करून मागा. कागदपत्रे तुमच्या नावावर होईपर्यंत सगळी रक्कम हातात देऊ नका, हे तर आलेच.

हेल्मेटशी पुणेकरांचे जुने वैर आहे, तेव्हा उपदेश करीत नाही, फक्त सरकारी आकडे सांगतो. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेली ५०,०२९. गाडीच्या किमतीत हेल्मेट आधीच धरा. आय.एस.आय. शिक्का पाहा, पट्टा बांधून मान हलवा, ते डोक्यावर फिरता कामा नये.

राहिला परवाना. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, आणि शिकाऊची मुदत सहा महिने असते. बिनगिअरच्या गाडीवर परीक्षा दिलीत तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो. त्यावर भावाची मोटारसायकल चालवता येणार नाही. ते तीस दिवस सरावाला द्या. रविवारी सकाळी साडेसहाला निघून कचेरीचा रस्ता रिकामा असताना दोन-तीनदा पालथा घाला, म्हणजे कुठे उतार आहे, कुठे चेंबरचे झाकण खोल आहे ते पाठ होईल. आणि या दिवसांत "मला जरा कोपऱ्यापर्यंत सोड" असे म्हणणारे हटकून घरातलेच निघतात. त्यांना खुशाल कायदा दाखवा : शिकाऊ परवान्यावर, शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही.