विमानाचे पाय आणि आईची परात

वांगणीला भाताची कापणी उरकली, की गावाबाहेरची शेते मोकळी होतात. मागच्या हंगामात अशाच एका शेतात माझ्या पुतण्याने स्वतः बनविलेले रिमोटचे विमान उडविले. थर्माकोल, बांबूच्या काड्या, मोटर, बॅटरी मिळून वजन दीड किलो. उडाले छान. पण उतरताना चाकांचे दोन्ही पाय फाकले आणि पुढचा पंखा ढेकळावर आपटून तुटला. मोटरसाठी पोराने सहा महिने लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या होत्या. ती वाचली, हे नशीब.

चूक माझी होती. पायांसाठी आईची जुनी अ‍ॅल्युमिनियमची परात मीच कापून दिली होती. विमान अ‍ॅल्युमिनियमचे, परातही अ‍ॅल्युमिनियमची, असा माझा कारकुनी हिशेब!

पुतण्या एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये आहे. तिथे मॉडेल विमाने बनविणे हा शिक्षणाचाच भाग असतो. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर खरे विमान बांधले आणि २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडले, हे या मुलांना ठाऊक आहे. तेव्हा ‘परवडत नाही, सोडून दे’ म्हणणे मला जमेना. मग मीच चौकशीला लागलो.

भांड्यांचे अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असते आणि म्हणूनच मऊ. अगदी नरम पत्रा चौरस मिलिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास ताण आला, की कायमचा वाकतो. १९०६ साली आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाला दिसले, की थोडे तांबे मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून एकदम थंड केले, तर पुढच्या काही दिवसांत ते आपोआप कडक होते. त्यातून ड्युराल्युमिन आले आणि विमानांना धातू मिळाला. आज ६०६१-टी६ या जातीचा पत्रा २८ किलोपर्यंत टिकतो, तर ७०७५-टी६ चा ५० किलोपर्यंत.

पण एक गंमत पुतण्यानेच मला समजावली. जात कोणतीही घ्या, लवचिकपणा जवळपास सारखाच. कडक धातू कमी लवतो असे नाही. तो लवून पुन्हा जागेवर येतो आणि मऊ धातू वाकलेलाच राहतो. लवणे कमी करायचे, तर जाडी वाढवावी लागते. २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरची पट्टी घेतली, तर ताठपणा तिपटीहून अधिक होतो. ३० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद पट्टीचे वजन मात्र ४९ ग्रॅमवरून ७३ ग्रॅमवर जाते, एवढेच.

७०७५ चा तुकडा किरकोळीत मिळणे कठीण. आम्हाला उपाय सापडला तो सरकत्या खिडक्या बनविणाऱ्याच्या दुकानात. खिडक्यांच्या सेक्शनचा धातू बहुधा ६०६३ जातीचा असतो. ६०६१ पेक्षा कमी ताकदीचा, पण परातीपेक्षा कितीतरी बरा. उरलेली सपाट पट्टी वजनावर मिळाली. भंगारातून घ्यायची, तर आधी टोक हाताने वाकवून पाहावे. सहज वाकून तसेच राहिले, तर नको. स्कूटरचे ओतीव भाग तर घेऊच नयेत, ते वाकविताना तुटतात.

वाकविण्यातही आम्ही एक पट्टी घालविली. व्हाइसमध्ये धरून काटकोनात ठोकली आणि कोपऱ्यावर चीर गेली. दुसरी २० मिलिमीटरच्या गोल सळईवर हळूहळू वाकविली. खुणा खिळ्याने ओढू नयेत, ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. आम्ही स्केचपेन वापरले. कडा कानसीने गोल करून पॉलिश पेपर मारला. पट्टीला धग देऊ नये, तिचा कडकपणा जातो. पट्टी विमानाला नायलॉनच्या बोल्टांनी बसविली. जोरात आदळले, तर बोल्ट तुटावा, विमानाचे पोट नव्हे.

दुसऱ्यांदा त्याच शेतात विमान उतरले, तेव्हा पाय फाकले आणि पुन्हा जवळ आले. एक नायलॉनचा बोल्ट तेवढा तुटला. पुतण्याने खिशातून दुसरा काढून जागेवरच बसविला.

आई अजून परातीचे विचारते. नवी आणून दिली, तरी ‘तिची सर नाही’ म्हणते.