उपस्थात्याचे चार गुण आणि परिचर्या-पदवीधरांची क्षमता-मानके

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केले आहेत. त्यांपैकी भिषकाच्या शिक्षणासाठी नियम आहेत, आयोग आहे. द्रव्याच्या निर्मितीसाठी २००० सालापासून शेड्यूल टी लागू आहे आणि औषधनिर्माते बंधू त्याच्या कसोटीला दररोज उतरत असतात. तिसऱ्या पादाचे काय? आपल्या रुग्णालयात रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ जो असतो, त्या उपस्थात्याला नेमके काय करता आले पाहिजे, हे आपण कोठे लिहून ठेवले आहे काय? हा प्रश्न आम्हांस एका प्रसंगाने विचारावयास लावला.

आमच्या छोट्या रुग्णालयात एका मधुमेही रुग्णास विरेचन दिले होते. त्या दिवशी मधुमेहाच्या आधुनिक गोळ्या घ्याव्यात की थांबवाव्यात, याची सूचना आम्ही केसपेपरवर लिहिली नव्हती. रुग्णाने नित्याच्या सवयीने सकाळची गोळी घेतली. चौदा वेग झाल्यावर त्यास घाम सुटला, हात कापू लागले, भोवळ आली. वीस वर्षे पंचकर्म विभाग सांभाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ परिचारकास तो शोधनानंतरचा क्लम वाटला. त्यांनी रुग्णास शांत निजविले. आम्ही त्या वेळी बाह्यरुग्ण विभागात होतो. दोनच महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या बी. एस्सी. नर्सिंग परिचारिकेने मात्र कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता रक्तशर्करा तपासली. ती ४६ होती. रुग्ण शुद्धीवर होता, म्हणून तिने तत्काळ साखरपाणी पाजले, आम्हांस बोलावले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली. त्या गोळीचा प्रभाव दीर्घकाळ राहणारा असल्याने रुग्णास रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागले. प्रमाद आमचा होता. रुग्ण वाचला तो तिच्या दक्षतेमुळे.

पुढे पंधरवड्यातच उलट प्रकार घडला. निरूह बस्तीनंतर तास उलटला तरी बस्तिद्रव्य परत आले नव्हते. त्याच परिचारिकेने नोंदवहीत ‘रुग्णास त्रास नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले आणि ती स्वस्थ राहिली. निरूहाचा प्रत्यागमनकाल एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे असतो, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. या वेळी ज्येष्ठ परिचारकांनी आम्हांस कळविले आणि योग्य तो उपचार करता आला.

दोघेही निष्ठावान, दोघेही कष्टाळू. परंतु एकास जे येत होते ते दुसऱ्यास येत नव्हते. याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. काय येणे आवश्यक आहे याचे मानकच आम्ही ठरविले नव्हते.

परिचर्याशास्त्राच्या क्षेत्रात या दिशेने पावले पडली आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने बी. एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रित केला. आठ सत्रांचा हा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित असून त्यात दहा मूलभूत क्षमता सांगितल्या आहेत. रुग्णकेंद्रित परिचर्या, सुरक्षितता, संवाद, सांघिक कार्य, प्रमाणाधिष्ठित व्यवहार, गुणवत्तावृद्धी आदींचा त्यांत समावेश होतो. १९४७ च्या परिषद-कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदाही २०२३ मध्ये संमत झाला.

क्षमता म्हणजे केवळ माहिती नव्हे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या आयुर्वेद पदवी अभ्यासक्रमातही याच पायऱ्या वापरल्या आहेत. म्हणजे आज वैद्य आणि परिचारिका या दोघांच्या शिक्षणाची परिभाषा एकच झाली आहे. ही संधी आपण दवडू नये.

आपल्या संहितांना ही कल्पना परकी नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच असे चार गुण सांगितले. ज्ञान, कौशल्य, वृत्ती आणि स्वच्छता ही क्षमतेची चारही अंगे त्यांत येतात. पंधराव्या अध्यायात तर स्नान घालणारे, संवाहन करणारे, रुग्णास उठविणारे व निजविणारे, औषधे वाटणारे अशी कामांची विभागणीच दिली आहे. सुश्रुताचार्यांनी परिचारक वैद्याची आज्ञा पाळणारा असावा असे म्हटले, तसेच तो रुग्णाच्या रक्षणात तत्पर असावा असेही म्हटले. विरेचनाच्या त्या दिवशी आमची आज्ञाच अपुरी होती. म्हणून रक्षणाची तत्परता कामी आली. शंका आल्यास वैद्यास विचारण्याचा आणि तातडीच्या वेळी आधी तपासण्याचा अधिकार परिचारिकेस असलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

या अनुभवानंतर आम्ही आपल्या रुग्णालयापुरती काही मानके लिहून काढली. ती थोडक्यात अशी :

१. शोधनापूर्वी रुग्ण घेत असलेल्या सर्व आधुनिक औषधांची यादी करणे आणि त्यांविषयी वैद्याची लेखी सूचना मिळाल्याखेरीज कर्मास आरंभ न करणे.
२. वमन-विरेचनाचे वेग मोजणे. नाडी, रक्तदाब व आवश्यक तेथे रक्तशर्करा ठरावीक अंतराने नोंदविणे.
३. सम्यक्, अयोग व अतियोगाची लक्षणे ओळखून वैद्यास योग्य वेळी कळविणे.
४. निरूह रिक्त कोष्ठी व अनुवासन भोजनोत्तर, हा भेद जाणणे. प्रत्यागमनाची वेळ नोंदविणे.
५. संसर्जन क्रमातील पेया, विलेपी इत्यादींचा क्रम रुग्णास व नातेवाइकांस समजावून सांगणे.
६. बस्तियंत्र, स्नेहनाचे टेबल, वस्त्रे व हात यांची शुद्धी राखणे.

प्रत्येक मानकाची परीक्षा तोंडी घ्यावयाची नाही. वैद्याने शेजारी उभे राहून ते कर्म पाहावयाचे, पडताळा-सूचीवर खूण करावयाची आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावयाचे. ज्येष्ठ परिचारकांनी परिचारिकेस बस्ती शिकविली. तिने त्यांस रक्तदाब व रक्तशर्करा पाहण्यास शिकविले. पदवी नाही म्हणून अनुभवी सेवकास दूर सारणे हा मानकांचा हेतू कदापि नसावा.

औषधालयाच्या मालकांचाही यात वाटा आहे. सूतशेखर आणि लघुसूतशेखर यांत केवळ ‘लघु’ एवढाच भेद नाही. पहिल्यात पारद आहे, दुसऱ्यात नाही. लेबलावर पूर्ण नाव, सेवनकाल आणि अनुपान सुवाच्य मराठीत असेल, बस्तीच्या क्वाथावर सिद्धतेची तारीख व वेळ असेल, तर परिचारिकेच्या हातून होणारी चूक औषधालयातच थांबेल.

दहा खाटांच्या रुग्णालयास हे झेपेल काय, असा आक्षेप येईल. प्रशिक्षित परिचारिका अधिक वेतनासाठी सोडून जाते, हा अनुभव आम्हांसही आहे. तथापि लिहिलेले मानक सोडून जात नाही. नव्याने येणाऱ्या व्यक्तीस पहिल्या दिवसापासून ते मार्ग दाखविते.

बी. एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना आपल्या पंचकर्म विभागांत काही दिवसांचे निरीक्षण मिळावे, यासाठी जिल्हा शाखांनी जवळच्या परिचर्या महाविद्यालयांशी बोलणी करावीत, आणि संघटनेने एक सामाईक पडताळा-सूची सिद्ध करावी, अशी आमची विनंती आहे. आमची सूची अपुरी आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या रुग्णालयातील चुका मोकळेपणाने कळविल्या, तरच ती पूर्ण होईल. आमची चूक आम्ही येथे प्रथम नोंदविली आहे.